एक मेची तयारी वीस एप्रिलपासून: सोसायटीत महाराष्ट्र दिन कसा करावा

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत महाराष्ट्र दिन ठरलेला असतो. आठ वाजता झेंडावंदन, फ्लेक्सचा बॅनर, भाड्याचे फेटे, कागदी डिशमध्ये समोसा आणि साडेनऊला गेट रिकामं. यात वाईट काही नाही, पण फ्लेक्स आणि समोसा सोडला तर महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं, ते शोधावं लागतं. वर्गणी तेवढीच ठेवून ती राज्यात पिकलेल्या आणि घडवलेल्या वस्तूंवर खर्च केली, तर निम्मा कार्यक्रम तिथेच उभा राहतो. उरलेल्या निम्म्यासाठी हे मार्गदर्शन. हिशोब शंभरेक फ्लॅट आणि प्रत्यक्ष येणारी ८० माणसं असा धरला आहे. जास्त असतील तर त्या प्रमाणात वाढवा.

खरी अडचण तारखेची आहे. १ मे हा कामगार दिनही. हमाल, तोलणार, दुकानातली मुलं, कारखान्यातले कामगार या सगळ्यांची ती हक्काची सुट्टी. त्यामुळे मार्केट यार्ड आणि पेठांतली बरीच दुकानं बंद धरूनच चाला. आंबे, तांदूळ, माती, वाट्या, कारागीर, काहीही ‘त्या दिवशी सकाळी आणू’ म्हटलं की गडबड झालीच. सगळं आधी गोळा करायचं आणि एक तारखेला फक्त मांडायचं.

कधी काय करायचं

१५ एप्रिलच्या आत मॅनेजिंग कमिटीचा साधा ठराव घ्या: कार्यक्रमाची जागा, वेळ, बाहेरून येणाऱ्या विक्रेत्यांना परवानगी, वीज कुठून घ्यायची. सगळं सोसायटीच्या हद्दीत ठेवा. रस्त्यावर मांडव टाकायचा म्हटलं की महापालिका आणि पोलीस अशा दोन्हीकडच्या परवानग्या लागतात आणि दहा दिवसांत त्या हातात पडतील याचा भरवसा नसतो.

२० एप्रिलला नकाशाची माती भिजली पाहिजे. २२-२३ ला कच्चा हापूस घरात आला पाहिजे. २८ ला ज्वारी दळायची. ३० ला संध्याकाळी टेबलं लावायची. एक तारखेचा कार्यक्रम सकाळी साडेसातला सुरू करून साडेअकराच्या आत संपवा. मे महिन्यात पुण्याचा पारा दुपारी चाळिशीला टेकतो, आणि संध्याकाळवर टाकलं तर वळवाचा पाऊस मांडव उचलून नेतो. दोन्हीपेक्षा सकाळ बरी.

मातीचा नकाशा

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. मुलांना हात घालायला मिळतो, मोठ्यांना वाद घालायला मिळतो, आणि पुण्यातला कार्यक्रम शनिवारवाड्यापाशीच अडकून पडत नाही.

१२ मिलिमीटर जाडीचा ४ बाय ४ फूट प्लाय घ्या. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी साधारण ८०० किलोमीटर, उत्तर-दक्षिण ७२०. एका सेंटिमीटरला ७ किलोमीटर हे माप धरलं की नकाशा ११४ बाय १०३ सेंटिमीटरचा होतो आणि कडेला नावांच्या चिठ्ठ्यांना जागा उरते. ६ मिलिमीटरचा स्वस्त प्लाय घेऊ नका. ओल्या मातीने तो दोन दिवसांत धनुष्यासारखा वाकतो आणि सुकत आलेली माती पापुद्र्याने सुटते. १२ चा प्लायसुद्धा दोन्ही बाजूंनी प्रायमर मारून घ्या. एकाच बाजूने मारला तर न मारलेली बाजू पाणी पिते आणि प्लाय तिकडून फुगतो.

बाह्यरेषा काढायला प्रोजेक्टर असेल तर प्लाय भिंतीला उभा करून नकाशा त्यावर पाडा आणि मार्करने गिरवा. नसेल तर शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर चौकटी आखा, तेवढ्याच चौकटी प्लायवर आखा आणि एकेक चौकट उतरवत जा. रेषेच्या आत फेव्हिकॉलने गोणपाट चिकटवा आणि दर दहा सेंटिमीटरवर छोटा खिळा अर्धा ठोकून ठेवा. माती धरायला हाच आधार.

आता उंची. आडव्या मापातच उंची धरली तर कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर नकाशावर जेमतेम अडीच मिलिमीटर येतं, म्हणजे दिसणारच नाही. म्हणून उंची वीस पट वाढवायची आणि तसं पाटीवर लिहायचं. मग कळसूबाई ४७ मिलिमीटर, महाबळेश्वर ३९ च्या आसपास, पुणे १६, नागपूर ९ आणि कोकणपट्टी तीन-चार मिलिमीटर. या उंचीच्या काड्या कापून त्या-त्या जागी फेव्हिकॉलने उभ्या करा. माती काडीच्या टोकापर्यंत आली की थांबायचं. काड्या न लावता नजरेने केलं तर प्रत्येक मूल आपल्या गावचा डोंगर उंच करतं.

माती दहा-अकरा किलो कोरडी शाडू पुरते. एप्रिलपासून गणपतीच्या मूर्तिकारांकडे शाडूची पोती आलेली असतात, तिथून घ्या. रात्रभर भिजवून कणकेइतकी घट्ट मळा. चार वाटे मातीला एक वाटा कागदाचा लगदा घाला. लगद्याचे धागे माती धरून ठेवतात आणि भेगा कमी पडतात. सगळ्या मातीत फेव्हिकॉल मिसळायचा मोह टाळा, कारण नंतर ती माती कुठल्याच कामाची राहत नाही.

थर एका वेळी एक सेंटिमीटरच्या वर नको. सह्याद्रीचा गाभा चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा करा आणि त्यावर माती चढवा. हमखास तडा जातो तो इथेच, सह्याद्रीच्या पायथ्याला, जिथे पाच सेंटिमीटर जाड माती तीन मिलिमीटरच्या कोकणाला भेटते. पातळ भाग आधी सुकून आकसतो, जाड भाग ओला राहतो आणि दोघांची ओढाताण होते. पोकळ गाभ्यामुळे जाडी सगळीकडे जवळपास सारखी राहते. पहिल्या दोन रात्री नकाशावर ओलं सुती कापड टाका, उन्हात ठेवू नका, पंखा लावू नका. तरीही पडलेल्या भेगा पातळ शाडूच्या घोळाने भरता येतात. पूर्ण सुकायला चार-पाच दिवस द्या.

आकारात दोन चुका नेहमी होतात. पहिली, सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा उतरता केला जातो. खरा सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा तुटलेला आणि पूर्वेला हळूहळू उतरत गेलेला आहे. कोकणाकडची बाजू सुरीने उभी कापा आणि बोरघाट, ताम्हिणी, वरंधा अशा खिंडींना खाचा द्या. दुसरी चूक नद्यांची. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, तरी ती जाते बंगालच्या उपसागराकडे. भीमा आणि कृष्णाही पूर्वेलाच. त्या ओघात मुलं तापीलाही पूर्वेकडे वळवतात. ती मात्र सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेला जाते. नद्यांचे चर माती ओली असतानाच विणायच्या सुईने ओढा आणि सुकल्यावर त्यात निळी लोकर बसवा. रंगवलेली निळी रेघ दुरून दिसत नाही.

रंगासाठी डबे आणू नका. काळी कसदार माती आणि कोकणातल्या जांभ्याची तांबडी माती चाळून डिंकाच्या पाण्यात कालवली की झालं. तांबडी माती नर्सरीत मिळते. राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. मराठवाडा-विदर्भातली कापसाची काळी जमीन याच दगडाची झिजून झालेली. पूर्वेचा गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याचा पट्टा मात्र या लाव्ह्याच्या बाहेर, कितीतरी जुन्या खडकांचा. तो वेगळ्या रंगाने, गेरूने रंगवा. म्हणजे ‘तिकडे लोखंड का सापडतं आणि इकडे का नाही’ हा प्रश्न कोणीतरी विचारेलच.

नकाशावरच्या वाट्या

आता त्या-त्या जागी मातीची छोटी वाटी ठेवायची आणि तिथला माल भरायचा. पणतीएवढ्या वाट्या कुंभारवाड्यात मिळतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंपासून सुरुवात करा, कारण त्यांचं गाव कागदोपत्री पक्कं असतं: मुळशीचा आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, लासलगावचा कांदा, वायगावची हळद (वर्धा), भिवापूरची मिरची (नागपूर), नवापूरची तूरडाळ (नंदुरबार), सांगलीचा बेदाणा, वेंगुर्ल्याचा काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम, कोल्हापूरचा गूळ, घोलवडचा चिकू, जळगावची केळी. प्रत्येकी ५० ग्रॅम पुरे. चिकू-केळी एकेक नग.

छत्तीसच्या छत्तीस जिल्ह्यांच्या वाट्या भरायचा हट्ट धरू नका. बीडचं सीताफळ मे महिन्यात नसतं, नागपूरच्या संत्र्याचाही हंगाम सरलेला असतो. तिथे रिकामी वाटी आणि ‘दिवाळीच्या सुमारास या’ अशी चिठ्ठी ठेवा. शीतगृहातला गर आणून वाटी भरण्यापेक्षा हे खरं.

खरेदीत फसवणूक होते ती आंबेमोहोरात. बाहेरच्या राज्यातला, दिसायला तसाच बुटका तांदूळ या नावाने सर्रास विकला जातो. भावावरून काही कळत नाही. पावशेर आणून शिजवा. खरा आंबेमोहोर शिजताना मोहोराचा वास घरभर जातो आणि भात मऊ, थोडा चिकट होतो. वास झाकण उघडल्यावरही शोधावा लागला तर दुकान बदला. मुळशी-मावळातला शेतकरी ओळखीचा असेल तर थेट त्याच्याकडून घ्या.

कसब्यातली फेरी, पण आधीच्या शनिवारी

फेरी एक मेला ठेवू नका. आठच्या झेंडावंदनाला परत यायची घाई होते आणि तांबट आळी सुट्टीवर असेल तर तिथे बघायला बंद फळ्या. आधीच्या शनिवारी सकाळी सातला निघा. एका माहितगारामागे २५ पेक्षा जास्त माणसं नकोत. कसब्यातल्या बोळांत चाळीस जण थांबले की दुचाकीवाले हॉर्न वाजवतात आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. गाड्या घरी ठेवा, मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा.

सुरुवात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून करा. या मंदिराचं बांधकाम १७५४ मध्ये सुरू झालं आणि १७७० मध्ये पूर्ण झालं. तीन सोंडांची मूर्ती मोरावर बसलेली आहे, आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. पण वेळ द्या तो दर्शनी भिंतीला. दरवाजाच्या दोन्ही अंगांना खालच्या बाजूला नीट पाहिलं तर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्याजवळ गोरा शिपाई दिसतो. प्लासीची लढाई १७५७ ची. बंगाल इंग्रजांच्या हाती गेल्याची खबर पुण्यातल्या पाथरवटाने अशी कोरली, असा त्याचा अर्थ लावला जातो. सकाळच्या तिरप्या उजेडात कोरीव काम उठून दिसतं, दुपारी सपाट होतं. म्हणूनच हा थांबा पहिला.

तिथून कसबा गणपती, मग लाल महाल. शिवरायांचं बालपण गेलं आणि १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा पडला तो लाल महाल आज नाही. उभी आहे ती महापालिकेने अलीकडे नव्याने बांधलेली वास्तू, हे मुलांना सांगून टाका. शनिवारवाड्याला दिल्ली दरवाजासमोर थांबा. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, आतला महाल १८२८ च्या आगीत गेला. खाली दगड आणि वर वीट अशी तटाची रचना इथूनच दिसते. दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीची धडक अडवण्यासाठी आहेत. ते खालपासून नाहीत, हत्तीचं डोकं येतं त्या उंचीला आहेत. उंची मुलांनाच मोजायला लावा.

शेवट तांबट आळीत, नऊ-साडेनऊनंतर, म्हणजे ठोके सुरू झालेले असतात. दोन दिवस आधी जाऊन एका कारागिराला विचारून ठेवा आणि त्याचा अर्धा तास घेणार असाल तर त्याचे पैसे ठरवा. फुकटात प्रात्यक्षिक मागण्याची पुण्यात रीत पडली आहे, ती बरी नाही. बघायचं ते मठारकाम. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला किंचित चढवून मारला जातो. त्याने पत्रा नुसता नक्षीदार होत नाही, कडक होतो. मऊ तांब्याचा हंडा पोचे न पडता टिकतो तो यामुळे. हाताचं मठारकाम ओळखायचं तर भांडं उजेडाकडे तिरकं धरा. हाताचे ठोके थोडे लहानमोठे आणि एकमेकांवर चढलेले असतात. यंत्राने दाबलेल्या भांड्यावर सगळे ठसे एका मापाचे, आणि आतून हात फिरवला तर तेवढेच फुगवटे लागतात.

दहा टेबलांचा बाजार

शंभर फ्लॅटना आठ ते दहा विक्रेते पुरेत. वीस बोलावले तर प्रत्येकाची विक्री निम्मी होते आणि पुढच्या वर्षी कोणी येत नाही. प्रत्येकाला सहा बाय अडीच फुटांचं टेबल, वर सावली, दोन खुर्च्या आणि पिण्याचं पाणी. जागेचं भाडं घेऊ नका. सोसायटीला त्यातून मिळणार ते दोन-तीन हजार, आणि तेवढ्यासाठी कुंभार यायचा राहतो.

बोलवायचं कोणाला? नावाजलेल्या मिठाईच्या दुकानांना तुमच्या पन्नास पाकिटांची गरज नाही. तांबट, बुरूड आळीतले टोपल्या-सुपं विणणारे, माठवाले कुंभार (मे महिना, माठ हमखास खपतो), गोधड्या शिवणाऱ्या बाया, पुणेरी पगडी बांधणारे कारागीर, मुळशी-वेल्ह्याकडून करवंदं आणि रानमेवा घेऊन येणाऱ्या मावश्या, आणि बचत गट. एप्रिल-मे हा वाळवणाचा मोसम. कुरडया, पापड, सांडगे ताजे असतात आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये आता वाळत घालायला गच्ची कोणाला आहे? खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या पाकिटावर नोंदणी क्रमांक, वजन आणि बनवल्याची तारीख आहे का, ते आधी बघून घ्या.

बाहेरून येणारा माल तपासून घेणं संयोजकांचं काम. पैठणी म्हणून आलेल्या साडीचा पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मागे मोकळे धागे लोंबत किंवा कापलेले दिसले तर ती यंत्राची. यंत्राची साडी विकायला हरकत नाही, पण तसं लिहून. कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, चामड्याच्या वादीने शिवलेली असते. छापील वारली नक्षीचे चिनी मातीचे मग हे वारली चित्र नव्हे, त्या टेबलाला ‘नाही’ म्हणा.

व्यवहारात अडतं ते सुट्या पैशांपाशी आणि नेटवर्कपाशी. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये बाजार लावला तर मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि गिऱ्हाईक ‘नंतर देतो’ म्हणून निघून जातं. मोकळ्यावर लावा, आणि ३० तारखेला बँकेतून दहा-वीसच्या नोटा आणून ठेवा, एक मेला बँक बंद. एक वही ठेवा: नाव, फ्लॅट, वस्तू, आगाऊ रक्कम, कधी देणार. कारागिराला त्या दिवशी झालेल्या विक्रीपेक्षा या वहीतली कामं जास्त पैसे देतात. माप देऊन बनवून घ्यायचा तांब्याचा बंब किंवा खिडकीच्या मापाची बांबूची चटई कोणी टेबलावर तयार आणत नाही.

आणि घासाघीस. ‘भाव ठरलेले आहेत’ अशी पाटी सोसायटीने स्वतःच्या नावाने लावावी. विक्रेत्याने लावली तर ती कोणी वाचत नाही.

ताट

पदार्थ कमी ठेवा: ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, आंबेमोहोर भात, आमरस, कोकम सरबत. यात पाच विभागांची बेरीज साधतेच. सोलकढीचा आग्रह कोणीतरी धरेल. मे महिन्यात काढलेलं नारळाचं दूध तीन-चार तासांत आंबतं, सरबताला तो धोका नाही.

भाकरी ८० माणसांना १२० लागतात. एक बाई एका तव्यावर तासाला पंचवीस-तीस थापते, म्हणजे चार बाया, चार शेगड्या आणि सव्वा तास. बचत गटाला काम द्या, निम्मे पैसे आगाऊ द्या, आणि सुट्टीच्या दिवशीचं काम आहे हे धरून मजुरी ठरवा. पीठ ११ किलो. ज्वारी २८ तारखेला दळा, त्याआधी नको. पीठ जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि मग गरम पाणी कितीही घाला, उपयोग नाही. पिठल्याला तीन किलो बेसन.

आमरसाचं गणित असं. माणशी १२० ग्रॅम धरलं तर साडेनऊ किलो. पावशेरी हापूसच्या डझनातून दीड किलोच्या आसपास रस निघतो, म्हणजे साडेसहा डझन. सात घ्या. कच्चा घेऊन घरी पिकवला तर स्वस्त पडतो आणि कसला मारा केला असेल ही शंका राहत नाही. भाताच्या पेंढ्यात एकेका थराने, देठ वर करून ठेवा. सहा ते आठ दिवस लागतात. चौथ्या दिवसापासून रोज बघा, डागाळलेलं फळ लगेच बाहेर काढा.

रस काढताना प्रत्येक आंबा आधी छोट्या वाटीत पिळायचा, चाखायचा आणि मगच पातेल्यात ओतायचा. हापूसमध्ये साका असतो. बाहेरून फळ सोन्यासारखं, आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. असा एक आंबा थेट पातेल्यात गेला की सगळ्या रसाला चव लागते आणि ती साखरेने झाकत नाही. रस सकाळी काढा, स्टीलच्या पातेल्यात, बर्फाच्या परातीत ठेवा. हौसेने आणलेल्या नव्या तांब्याच्या भांड्यात आमरस किंवा कोकम ठेवू नका. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट कळकतं.

झेंडा, राज्यगीत आणि पाच मिनिटं

महाराष्ट्राला अधिकृत वेगळा ध्वज नाही, लावायचा तो तिरंगाच. लांबी-रुंदी ३:२, केशरी वर, जमिनीला टेकू द्यायचा नाही. राष्ट्रगीतानंतर राज्यगीत. राज्यगीताची अधिकृत आवृत्ती दोन कडव्यांची, १ मिनिट ४१ सेकंदांची आहे, ती चालू असताना सावधान उभं राहायचं. आदल्या रात्री स्पीकरवर वाजवून बघा. ऐनवेळी मोबाइलवर शोधलं की आधी जाहिरात लागते.

भाषण एकच, पाच मिनिटांचं. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यातच, टिळक स्मारक मंदिरात झाली, हे पुणेकरांनाच ठाऊक नसतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हैदराबाद राज्यातला मराठवाडा आणि मध्य प्रदेशातला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरहून अधिक माणसांनी प्राण दिले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. गुजरातही त्याच दिवशी झालं, तेव्हा सोसायटीतल्या गुजराती शेजाऱ्यांनाही शुभेच्छा द्या आणि ढोकळ्याचं टेबल त्यांना मागा. सोसायटीत लातूर, अकोला, धुळ्याचे आजी-आजोबा असतील तर त्यांना नकाशापाशी उभं करून तीन-तीन मिनिटं बोलू द्या. व्यासपीठावर बोलावलं तर ती वीस होतात.

मांडवाला प्लॅस्टिकची झिरमिळी नको. राज्यफूल ताम्हण याच दिवसांत जांभळं फुलतं, पण ते तोडू नका, पाकळ्या तासाभरात मलूल होतात. आवारात किंवा रस्त्यावर झाड असेल तर त्याला पाटी लावा आणि बाजाराचं एखादं टेबल त्याच्याजवळ द्या.

आवराआवर

विक्रेत्यांचा हिशोब त्याच दुपारी मिटवा, ऑर्डरची वही एका जबाबदार माणसाकडे द्या. वाट्यांमधला माल वाया घालवू नका, खिचडीला चालतो. नकाशा आठवडाभर लॉबीत ठेवा, मग लोकर, काड्या आणि खिळे काढून माती पाण्यात टाका. तीन दिवसांनी ती विरघळते. वरचा रंगाचा आणि गोणपाटाला चिकटलेला थर वेगळा काढा, तो कुंडीत जाईल. उरलेली शाडू चाळून गोळे करा आणि ओल्या गोणपाटात, वर प्लॅस्टिक बांधून, सावलीत ठेवा. लगदा मिसळलेला असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी उघडून वास घ्या. कुबट आला तर गोळे उन्हात वाळवून ठेवा. ऑगस्टमध्ये मुलांच्या गणपतीला ती लागेल.